एजंटकडचं घर पसंत पडलं? आकडा सांगण्याआधी आणि टोकन देण्याआधी एवढं वाचाच

मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईवडिलांचा दवाखाना, नाहीतर पोराचं लग्न जमवताना हमखास येणारा प्रश्न : 'तालुक्याला घर आहे का?' कारण कोणतंही असो, खेड्यातली बरीच कुटुंबं आज बार्शी, पंढरपूर, अकलूज, करमाळा अशा ठिकाणी घर शोधताना दिसतात. पूर्वी हे व्यवहार पै-पाहुण्यांच्या ओळखीतून व्हायचे. आता घराचे फोटो एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात, खाली किंमत असते आणि शेवटी 'बैठकीत थोडंफार कमी होईल' अशी ओळ असते.

घर बघून होतं, घरच्यांना आवडतं आणि मग गडबड सुरू होते. एजंटचा फोन येतो, 'अजून दोन पार्ट्या आहेत, आज टोकन टाका.' माणूस गाडीवरच आकडा सांगून टाकतो, संध्याकाळी २१ हजार नेऊन देतो आणि कागद बघायला आठवड्यानं वकिलाकडं जातो. हा क्रमच उलटा आहे. ऑफर म्हणजे नुसता आकडा नव्हे. आकडा आणि त्याच्यासोबतच्या अटी मिळून ऑफर होते. अटी सांगायची तुमची ताकद टोकन देण्याआधी असते. पैसे हातातून गेल्यावर तुम्ही विनंती करता, अट घालत नाही.

एजंट नेमका कुणाचा?

एजंट दोन्हीकडून दलाली घेतो, साधारण एक ते दोन टक्के. व्यवहार झाला तरच त्याला पैसे मिळतात. त्यात वाईट काही नाही, त्याचा तो धंदा आहे. पण हिशोब समजून घ्या. तुमच्यासाठी त्यानं एक लाख कमी करून घेतले तर एक टक्क्यानं त्याचे हजार रुपये कमी होतात. व्यवहार मोडला तर मात्र त्याचं सगळंच जातं. म्हणून त्याला भाव कमी होण्यापेक्षा व्यवहार लवकर होण्यात रस असतो. तुम्ही जे बोलाल ते मालकापर्यंत जाणार असं धरूनच बोला. 'आमची ३१ पर्यंत तयारी आहे, पण तुम्ही २८ सांगून बघा' असं एजंटला सांगितलं, की तुमची किंमत ३१ झालीच म्हणून समजा. कर्ज किती मंजूर झालंय तेही सांगायची गरज नाही. 'बँकेशी बोलणं झालंय' एवढं पुरे.

दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. काही एजंट मालकाला सांगतात, 'तुमच्या हातात २८ देतो', आणि गिऱ्हाइकाला ३२ सांगतात. वरचे चार त्यांचे. यावर उपाय एकच, पैसे देण्याआधी मालकासोबत समोरासमोर बैठक. एजंट सहसा ही बैठक टाळतो, कारण त्यालाही भीती असते की दोघं परस्पर व्यवहार करतील आणि दलाली बुडवतील. ही भीती खोटी नाही, असे लोक आपल्याकडं आहेत. म्हणून तुम्हीच आधी लिहून द्या : 'हे घर तुमच्यामार्फत पाहिलं आहे, व्यवहार झाल्यास एक टक्का दलाली खरेदीखताच्या दिवशी देऊ.' एवढं दिलं की बैठक घडवायला त्याची अडचण राहत नाही. तरीही टाळाटाळ झाली, तर आत काहीतरी आहे.

'एजंट महारेराचा आहे का' असंही लोक विचारतात. महारेराची नोंदणी लागते ती नोंदणीकृत नव्या प्रकल्पांतले फ्लॅट-प्लॉट विकणाऱ्या एजंटाला. जुन्या सुट्या घराच्या व्यवहाराला ती लागू नाही. त्यामुळं एजंटनं नंबर दाखवला म्हणून हे जुनं घर तपासलेलं आहे असं होत नाही.

आकडा काढायचा कसा?

मालकानं ३४ लाख सांगितले म्हणून दोन कमी करून ३२ म्हणायचे, ही पद्धत बाजारात बैल घेतानासुद्धा चालत नाही. आधी आपल्या खिशाकडून उलटा हिशोब लावा.

समजा सगळं मिळून, कर्ज धरून, तुमच्याकडं ३४ लाख आहेत. घर ३० लाखाला ठरलं तर मुद्रांक शुल्क १ लाख ८० हजार धरू. नोंदणी फी एक टक्का असते, पण ती कमाल ३० हजार. दलाली ३० हजार. वकील, सर्च रिपोर्ट, टायपिंग मिळून १५ हजार. गळती, लाइट फिटिंग, रंग यांना दीड लाख. हे झाले ४ लाख ५ हजार. म्हणजे ३४ लाख असणाऱ्या माणसाला घर ३० लाखापर्यंतच झेपतं, ३४ ला नाही. हे आकडे उदाहरणासाठी आहेत. मुद्रांक शुल्क ग्रामपंचायत हद्दीत आणि नगरपरिषद हद्दीत वेगळं असतं, ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. राहतं घर फक्त महिलेच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ३० लाखावर ती ३० हजार होते. घरच्या लक्ष्मीच्या नावानं घर झालं तर बिघडत काहीच नाही.

मग बाजारभाव बघा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या, म्हणजे आयजीआर महाराष्ट्रच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी मोबाइलवर दिसतात. एक, वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. दुसरी, ई-सर्च. त्यात गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकून आजूबाजूच्या नोंदलेल्या खरेद्यांची सूची क्रमांक २ बघता येते. शेजारचं घर दोन वर्षांपूर्वी कितीला गेलं हे तिथं लिहिलेलं असतं. लिहिलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी असू शकतो, हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे. तरी बैठकीत हातात कागद असला की बोलण्याला वजन येतं.

रेडी रेकनर म्हणजे बाजारभाव नव्हे. मुद्रांक शुल्क मोजण्यासाठी सरकारनं धरलेली ती किमान किंमत. पण तिच्या बऱ्याच खाली व्यवहार लिहू नका. सरकारी मूल्य तुमच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल आणि फरक ५० हजारांच्या वर असेल, तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागू शकतो.

आता 'वरच्या' पैशाचं. '३० चा व्यवहार, पण कागदावर २२ दाखवू, ८ रोख द्या' असं मालक म्हणतो. कायद्याला धरून नाही हे तर झालंच, पण तुमचं नुकसान कुठं होतं ते बघा. बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीवर किंवा बँकेच्या मूल्यांकनावर, त्यातल्या कमी रकमेवर. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानं जास्तीत जास्त ९० टक्के मिळतात. ३० लाखावर ही मर्यादा २७ लाख होते, २२ लाखावर १९ लाख ८० हजार. म्हणजे सात लाखांची सोय गेली, वर आठ लाख रोख उभे करायचे. उद्या व्यवहार मोडला तर त्या आठ लाखांचा पुरावा काय? काही नाही. म्हणून ऑफर देतानाच सांगा : 'पूर्ण रक्कम बँकेतून, पूर्ण रक्कम कागदावर.'

मालक नक्की कोण?

सगळ्यात जास्त घरं अडकतात ती इथं. एजंट ज्याला 'मालक' म्हणून पुढं करतो तो बऱ्याचदा चारपैकी एक भाऊ असतो, किंवा भावाच्या वतीनं बोलणारा मेव्हणा.

टोकनच्या आधी उतारा मागा. नगरपरिषद हद्दीत सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका, बिनशेती प्लॉट असेल तर सातबारा आणि एनए आदेश, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. स्वामित्व योजनेत ज्या गावठाणांची ड्रोन मोजणी झाली, तिथं आता मिळकत पत्रिका आणि सनद मिळते, तीच मागा. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. नसेल तर बँक बहुधा हात वर करेल. सातबारा महाभूलेखवर फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत निघतो. त्यात 'इतर हक्क' हा रकाना आवर्जून वाचा. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथंच दिसतो.

आणि बहिणी. घर वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. घर वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल आणि ते मृत्यूपत्र न करता गेले असतील, तरी मुली, आई आणि मुलं सगळेच वारस. उताऱ्यावर फक्त भावांची नावं आहेत म्हणून बहिणींचा हक्क संपत नाही. 'बहिणी काही बोलत नाहीत, त्या आमच्या शब्दाबाहेर नाहीत' हे वाक्य बैठकीत ऐकू आलं की सावध व्हा. बहिणी बोलत नाहीत ते घर विकायला निघेपर्यंत. एकतर सगळ्या बहिणींनी खरेदीखतावर सह्या करायच्या, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र दाखवायचं. शंभराच्या जुन्या स्टॅम्पवर लिहून घेतलेलं आणि नोंदणी न केलेलं हक्कसोडपत्र इथं कामाचं नाही.

मालक पुण्या-मुंबईला आणि सही करणारा दुसराच असेल, तर मुखत्यारपत्र बघा. ते नोंदणीकृत पाहिजे, त्यात विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला पाहिजे, आणि देणारा माणूस हयात पाहिजे. तो वारला की साधारणपणे मुखत्यारपत्र संपतं. मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलून घ्या, त्यात लाजायचं काय? काही जण 'खरेदीखत नको, मुखत्यारपत्रावरच घर नावावर करून देतो' म्हणतात. तशा कागदानं मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलंय.

हे सगळं वकिलानं बघायचंच आहे. ३० वर्षांचा सर्च आणि पेपरमध्ये जाहीर नोटीस ही त्याची कामं. पण उतारा आणि वारस एवढं तर तुम्ही स्वतः आधी बघू शकता. त्यातच काही खटकलं तर वकिलाची फी वाचते.

ऑफर लिहून द्या

तोंडी ऑफरमध्ये अटी हरवतात, आकडा तेवढा लक्षात राहतो. म्हणून एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाका आणि बैठकीत तोच मालकाला दाखवा. भाषा साधी असू द्या. उदाहरणार्थ :

'नमस्कार दादा. तुम्ही दाखवलेलं घर आम्ही दोनदा पाहिलं, पसंत आहे. आमची ऑफर २८ लाख ५० हजार आहे. पूर्ण रक्कम बँकेमार्फत आणि कागदावर. स्लॅबची गळती आणि मागची भिंत यांचा खर्च धरून आकडा काढला आहे. अटी अशा : १) सर्व वारसांच्या सह्या, बहिणींसह. २) आजपर्यंतची घरपट्टी, पाणीपट्टी, लाइट बिल आणि असल्यास बँकेचा बोजा मालकांनी भरायचा. ३) वकिलांचा सर्च रिपोर्ट स्वच्छ निघाला आणि बँकेचं कर्ज मंजूर झालं तरच व्यवहार, नाहीतर दिलेली रक्कम १५ दिवसांत पूर्ण परत. ४) खरेदीखत ९० दिवसांत, त्याच दिवशी रिकामा ताबा. ही ऑफर येत्या रविवारपर्यंत. इसारपावतीवर दोन्हीकडच्या सह्या होईपर्यंत व्यवहार पक्का धरू नये.'

शेवटच्या दोन ओळी सोडू नका. मुदत नसली तर तुमचा आकडा हातात धरून एजंट दुसऱ्या गिऱ्हाइकाला चढवतो. आणि सह्यांची ओळ नसली तर 'तुम्ही शब्द दिला होता' असं ऐकावं लागतं.

आकड्याला कारण जोडलं की मालकाचा अपमान होत नाही. 'एवढ्याला कोण घेतंय' म्हटलं की माणूस हट्टाला पेटतो. 'गळतीला ८० हजार लागतात, गवंड्यानं सांगितलंय' म्हटलं की बोलणं पुढं सरकतं. ३० झेपत असतील तर सुरुवात २८-२८.५० ला ठीक आहे. २२ ला सुरुवात केली तर मालक तुम्हाला गिऱ्हाईकच धरत नाही. मालकाला पैशाची घाई असेल तर तुमची लवकरची तारीखच लाखभर रुपयांची असते. त्याला मुलांच्या परीक्षेपर्यंत राहायचं असेल तर ताबा उशिरा घ्यायची तयारी दाखवा, भाव तिथं उतरतो.

तारीख लिहिताना एक काळजी. उसाच्या बिलावर तारीख बांधू नका. कायद्यानं कारखान्यानं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, पण प्रत्यक्षात कधी येतात ते तुम्हाला सांगायला नको. तारीख चुकली तर कारखाना नव्हे, तुम्ही अडकता.

टोकन, इसार, बयाणा

नावं तीन, पण कायद्याच्या नजरेत प्रश्न एकच : ही रक्कम कशासाठी दिली? व्यवहार पाळण्याची हमी म्हणून दिलेला इसार घेणारा मागं फिरला तर जप्त होऊ शकतो. किमतीपैकी आगाऊ दिलेला हप्ता असेल तर तसा सरसकट जप्त करता येत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा फरक स्पष्ट केलाय. त्यामुळं पावतीवर कोणता शब्द आहे आणि रक्कम कधी परत मिळेल, हे वाचल्याशिवाय सही करू नका. छापील पावतीत 'टोकन कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' असं असेल तर ते खोडून तिथं आपली अट लिहा आणि खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या घ्या.

टोकन एजंटच्या खात्यात नाही, मालकाच्या खात्यात जायला पाहिजे. रोखीनं तर नकोच. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीनं घेता येत नाही. आपल्याकडचा शुभ आकडा २१ हजार नेमका याच्यात सापडतो. दहा-दहा हजार दोनदा दिले तरी एकूण रक्कमच धरली जाते. दंड घेणाऱ्याला होतो आणि तो तेवढ्याच रकमेचा असू शकतो. ही गोष्ट मालकाला नीट सांगितली की तो स्वतःच चेक किंवा यूपीआय मागतो. देणारा-घेणारा दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि कराला पात्र उत्पन्न कुणाचंच नसेल तर यातून सूट आहे, पण सूट असली तरी बँकेची नोंद हा तुमचा पुरावा आहे, तो सोडू नका. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, ते तुमच्या सीएला विचारा.

टोकन लहान ठेवा. मोठी रक्कम द्यायची ती सर्च रिपोर्ट आल्यावर, साठेखत करून. नोटरीच्या शिक्क्याची इसारपावती म्हणजे घर नावावर झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. इसारपावतीनं किंवा साठेखतानं मालकी येत नाही, ती नोंदणीकृत खरेदीखतानंच येते. पण साठेखत दुय्यम निबंधकाकडं नोंदवलं तर ते सूचीत दिसतं, आणि तेच घर दुसऱ्याला विकायला निघालेल्या मालकाला ते अवघड जातं. साठेखतातच ताबा घेणार असाल तर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क तेव्हाच लागतं, ते पुढं खरेदीखताच्या वेळी वजा होतं. मालक उलटला तर ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत कोर्टात जाता येतं, पण आपली रक्कम तयार होती आणि आपण खरेदीला तयार होतो हे तुम्हाला दाखवावं लागतं. त्यासाठी बँकेचं मंजुरीपत्र आणि 'आम्ही तयार आहोत, तारीख द्या' असे पाठवलेले मेसेज जपून ठेवा.

'दुसरी पार्टी जास्त देतेय'

ऑफर दिल्यावर हा फोन येतोच. कधी खरा असतो, कधी नसतो, आणि तुम्हाला ते कळायला मार्ग नाही. तुमची वरची मर्यादा ३० असेल तर ती दुसऱ्या पार्टीमुळं ३२ होत नाही. 'आमचा आकडा लिहून दिलाय, रविवारपर्यंत उभा आहे, मालकांशी पुन्हा बसायला तयार आहोत' एवढंच सांगा. एकाच आकड्यावर थांबायचं नसेल तर ५० हजारांनी वर जा, लाखा-लाखानं नको, आणि दर वाढीच्या बदल्यात काहीतरी मागा : कपाटं, पाण्याची टाकी, इन्व्हर्टर, नाहीतर गळतीचं काम करून देणं. जे ठरेल ते त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पूर्ण लिहून टाका, नुसतं 'ओके' नको.

खरेदीखताच्या दिवशी ऑफिसात गर्दी असते आणि सर्व्हर बंद पडला तर दुपार जाते. त्याआधी सकाळी घरावर जाऊन या. भाडेकरू निघालाय का, कपबोर्ड आणि मोटर जागेवर आहे का, बघा. महावितरणच्या नावबदलाच्या अर्जावर आणि घरपट्टीच्या अर्जावर मालकाची सही तिथंच घ्या, नंतर तो फोन उचलेलच असं नाही. एजंटची दलाली दस्त नोंदवून झाल्यावर, किल्ल्या हातात आल्यावर, खात्यावर पाठवा आणि पावती घ्या.